शिमग्यातले संमतीपत्र

आमच्या गावात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते तेव्हा मुंबई-पुण्याला पोटासाठी गेलेली बहुतेक माणसे गावात आलेली असतात. वर्षातून दोनदाच, शिमग्याला आणि गणपतीला, एका सातबाऱ्यावरची सगळी नावे एका ओटीवर बसलेली सापडतात, आणि ही गोष्ट पालखीच्या मानकऱ्यांइतकीच लाकडाच्या ठेकेदारालाही ठाऊक असते. 2009 च्या शिमग्यात तो आमच्या ओटीवर आला तेव्हा त्याच्या हातात शंभर रुपयांच्या मुद्रांकावर टंकलेले संमतीपत्र होते. त्यावर सड्याखालच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळसपाटीखालच्या, रानाचा सर्व्हे नंबर होता, क्षेत्र होते, आणि खाली सतरा सहहिस्सेदारांची नावे होती. वडील गेल्यानंतर त्यांच्या जागी आईचे, भावाचे आणि माझे नाव उताऱ्यावर चढले होते, त्यामुळे त्या सतरांपैकी एक मी होते. चुलतभावांनी सह्या केल्या, काकांनी केली, माझ्या भावाने केली, आणि कागद माझ्यापर्यंत आला तेव्हा मीही केली. माझ्या वाट्याला अकरा हजार रुपये आले. ते कशात खर्च झाले हे मला आज आठवत नाही, आणि गेली कित्येक वर्षे मला टोचत राहिलेली गोष्ट नेमकी हीच आहे.

ज्या रानावर मी सही केली ते मी पुरते पाहिलेलेही नव्हते. लहानपणी मे महिन्यात करवंदे आणि तोरणे काढायला आम्ही त्याच्या कडेपर्यंत जात असू. आत ऐन, किंजळ, नाणा, हेद, कुंभा, शिवण अशी झाडे होती, आणि वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाने जांभूळ, उंबर आणि दोन प्रचंड बेहडे होते. संगमेश्वर तालुक्याच्या सह्याद्रीकडच्या अंगाला अशी राने आजही दिसतात. कुणी लावलेली नसतात, कुणी राखलेलीही नसतात. डोंगराला उतार आहे, जमीन नांगराखाली येत नाही, म्हणून ती उभी असतात. पूर्वी त्यांचा उपयोग रोजचा होता. भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपे टाकायची जमीन भाजण्यासाठी, ऐन-किंजळीची कवळ, म्हणजे पानांसकट फांद्या, तोडायची, शेंडा राखायचा, दोन-तीन वर्षे त्या झाडाला हात लावायचा नाही, पुन्हा फुटवा आला की पुन्हा कवळ. घरासाठी वासे, नांगरासाठी लाकूड, गुरांसाठी पाला, आणि पावसाळ्याआधी भरून ठेवायचा लाकूडफाटा हे सगळे त्याच रानातून येत असे. याला कुणी संवर्धन म्हणत नव्हते. पण ज्याला रोज रानात जायचे आहे तो रान संपवत नाही, एवढे शहाणपण त्या व्यवहारातच होते.

ठेकेदाराने रान उक्ते घेतले होते, म्हणजे झाडे मोजायची नाहीत, टन मोजायचे नाहीत, डोंगराचा एक तुकडा दाखवून सगळ्याचा मिळून एक आकडा ठरवायचा. या पद्धतीत मालकाला आपण काय विकले हे कधीच कळत नाही. परवानगीसाठी अर्ज काही झाडांचा झाला असेल. तोड मात्र सरसकट झाली. पेट्रोलवर चालणाऱ्या करवतींनी तीन आठवड्यांत उतार मोकळा केला. गुरवकाका, ज्यांचे घर त्या रानाच्या खाली आहे, मला नंतर सांगत होते की पहिले दोन दिवस आवाजाचा त्रास झाला आणि तिसऱ्या दिवसापासून पाखरांचा आवाज येईनासा झाला, आणि त्यांना या दुसऱ्या गोष्टीचे भय अधिक वाटले. माल ट्रकांत भरून गेला. त्यातला चांगला सोट वखारीत गेला असेल, पण बहुतांश लाकूड जळाऊ म्हणून गेले असणार. कोकणातल्या रानांचे लाकूड कारखान्यांच्या बॉयलरमध्ये, भट्ट्यांत आणि कोळशात जाते, खैर असला तर चिपळूण-सावर्डे भागातल्या कातभट्ट्यांकडे जातो. दोन माणसांच्या कवेत न मावणारा बेहडा, ज्याच्या ढोलीत धनेशाची जोडी दरवर्षी घरटे करत असे, तोही बहुधा जळणाच्याच भावात गेला.

तोडलेले रान पुन्हा फुटते, असे आमच्याकडे म्हणतात, आणि ते खोटे नाही. ऐन आणि किंजळ यांच्या खुंटांतून पहिल्याच पावसात धुमारे येतात आणि पंधरा-वीस वर्षे सबुरी केली तर पुन्हा सावली धरण्याइतके रान उभे राहते. जुन्या लोकांची तोड या भरवशावर चालत असे. मात्र दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे तोडीची पाळी सात-आठ वर्षांवर आली, त्यामुळे खुंटांची ताकद दर खेपेला कमी होत जाते आणि ज्यांना बियांपासूनच उगवावे लागते ती झाडे हळूहळू नाहीशी होतात. दुसरी गोष्ट जेसीबीची. आमच्या रानाच्या निम्म्या भागात पुढच्याच वर्षी काजू लावायचे ठरले आणि त्यासाठी खुंट मुळासकट उपटून उताराला पायऱ्या पाडल्या गेल्या. गुरवकाका तेव्हा म्हणाले, "बाय, खुंट ठेवला असतात तर तुमच्या नातवंडांनी रान बघितलं असतं." मी त्यांच्याशी वाद घातला नाही. काजू हे उत्पन्नाचे झाड आहे, गावात राहणाऱ्या चुलतभावाला त्या उत्पन्नाची गरज होती, आणि पुण्यात पगार घेणाऱ्या मला त्याला शिकवण्याचा अधिकार नव्हता.

परिणाम एकदम दिसत नाहीत, आणि मला वाटते जंगलतोडीचा सगळ्यात कठीण भाग हाच असतो. पहिल्या पावसाळ्यात डोंगर हिरवागार दिसला, कारण ऊन मिळाल्यावर गवत आणि रानमोडी माजते. वहाळ उलट जास्त जोराने वाहिला आणि लोक म्हणाले की पाणी वाढले. ते वाढलेले पाणी म्हणजे एरवी पालापाचोळ्यात अडून, मुळांच्या वाटांनी जमिनीत उतरून, शिमग्यापर्यंत झिरपत राहणारे पाणी होते. ते आता चार महिन्यांतच निघून जाऊ लागले. आमचा वहाळ माझ्या लहानपणी होळीनंतरही डबक्या-डबक्यांनी जिवंत असे. तोडीनंतर चार-पाच वर्षांत तो पौषातच आटू लागला. खालच्या वाडीची विहीर एप्रिलअखेर तळ दाखवू लागली, आणि साडेतीन-चार हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात मे महिन्यात टँकर येऊ लागला. कोकणच्या मातीचा थर पातळ, त्याखाली जांभा किंवा काळा कातळ, आणि पाऊस चार महिन्यांत कोसळणारा; अशा ठिकाणी पाणी धरून ठेवणारी रचना म्हणजे झाड, त्याची मुळे आणि त्याखालचा पाचोळा. धरणे बांधायची कामे आपण अंदाजपत्रकात धरतो. हे डोंगरावरचे विनाखर्चाचे साठवण कुठल्याच हिशोबात नसते.

मातीचे तसेच. झाड तोडल्याबरोबर उतार ढासळत नाही, कारण मुळे मेल्यानंतरही काही वर्षे माती धरून ठेवतात. ती कुजत जातात तसतशी पकड सुटत जाते, आणि नव्या रोपांची मुळे तेवढी खोल गेलेली नसतात. म्हणजे तोड एका पिढीच्या विस्मरणात जाते तेव्हा धोका वाढलेला असतो. 22 जुलै 2021 च्या पावसात आमच्या काजूच्या पायऱ्यांमधला एक तुकडा खाली आला. कुणाला इजा झाली नाही. दोन वाफे गाळाने भरले आणि पाणंद बंद झाली. त्याच दिवशी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणमध्ये घरांच्या पहिल्या मजल्यांपर्यंत चढले आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. या दोन्ही घटना केवळ जंगलतोडीने घडल्या असे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. त्या दिवशीचा पाऊस अतिविलक्षण होता, भरतीची वेळ, धरणाचा विसर्ग, डोंगराची मूळ भूरचना या सगळ्यांवर तज्ज्ञांनी लिहिले आहे. परंतु वाशिष्ठीच्या पात्रात साचलेला गाळ काढावा म्हणून चिपळूणचे नागरिक पुरानंतर उपोषणाला बसले, तेव्हा माझ्या मनात आले की तो गाळ कुठल्या तरी डोंगराची माती आहे आणि त्या डोंगरांच्या सातबाऱ्यांवर माझ्यासारख्यांची नावे आहेत. आमच्या डोंगराची माती वाशिष्ठीत जात नाही, ती शास्त्री नदीत जाते. एकेकाळी गलबते संगमेश्वरपर्यंत येत असत, हे आज तिथल्या पुलावर उभे राहिल्यावर खरे वाटत नाही.

हे सगळे ठेकेदाराच्या माथी मारणे मला अनेक वर्षे सोयीचे वाटले. पण जुना इतिहास वाचू लागल्यावर लक्षात आले की उघडे डोंगर ही कोकणाची आजची गोष्ट नाही. 1847 मध्ये मुंबई इलाख्यात जंगलांसाठी संरक्षक म्हणून अलेक्झांडर गिब्सन या डॉक्टरची नेमणूक झाली, तीच मुळी कोकणातली जंगले झपाट्याने संपत आहेत, झरे आटत आहेत, खाड्या गाळाने भरत आहेत अशा चिंतेच्या काळात. जहाजांसाठी साग आधीच तुटला होता. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि रुळांखालच्या स्लीपरांची भूक सुरू झाली. 1855 चा डलहौसीचा वनविषयक आदेश, 1864 मध्ये जर्मन वनतज्ज्ञ ब्रँडिसच्या हाताखाली उभे राहिलेले वनखाते, 1878 आणि 1927 चे कायदे, ही सगळी साखळी जंगल वाचवण्याच्या नावाने आली. पण त्यामागे लाकडाचा पुरवठा सरकारच्या ताब्यात असावा हा हेतू होता. ज्यांचे जगणे रानावर होते त्यांना त्या कायद्यांनी चोर ठरवले. महात्मा फुल्यांनी 1880 च्या दशकात शेतकऱ्यांच्या हालांचे वर्णन करताना डोंगर, दऱ्या आणि गायराने गिळणाऱ्या जंगलखात्यावर जे कोरडे ओढले, ते वाचताना आजही त्यांचा संताप ताजा वाटतो. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या लोकांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की 1885 मध्ये सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला.

रत्नागिरीकडे मात्र वेगळे घडले. इथले डोंगर मोठ्या प्रमाणावर राखीव झालेच नाहीत. ते खोतांकडे आणि खातेदारांकडे राहिले. 1949 मध्ये कायद्याने खोती गेली, पुढे कूळकायद्याने जमिनी कसणाऱ्यांच्या नावे झाल्या, आणि दर पिढीला वारस वाढत गेल्याने एका डोंगराचे पन्नास मालक झाले. म्हणून गडचिरोलीत किंवा मेळघाटात जंगल म्हटले की वनखाते डोळ्यांसमोर येते, तसे आमच्याकडे येत नाही. आमच्याकडचे शब्दच सांगतात: ते 'मालकी रान' आहे.

मालकी रानाच्या मालकाला सरकार दोनदाच भेटले, आणि दोन्ही वेळा उलटा परिणाम झाला. पहिली भेट 1975 ची. महाराष्ट्र खाजगी वने संपादन कायदा त्या वर्षी 30 ऑगस्टला लागू झाला आणि खाजगी वन म्हणून ज्यांची नोंद होती त्या जमिनी सरकारजमा झाल्या. कायद्याचा उद्देश वाईट नव्हता, पण गावोगाव त्यातून एकच अर्थ पोचला: झाडे राखली तर जमीन जाते. माझे आजोबा निर्भय गृहस्थ होते. तरी तेही जमीन 'वरकस', म्हणजे हलकी, डोंगरउताराची, दिसावी, जंगल दिसू नये, यासाठी धडपडत असत हे मला आई सांगते. दुसरी भेट 1990 ची. रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड त्या वर्षी सुरू झाली, आणि आंबा-काजूसाठी अनुदान मिळू लागले. त्या योजनेने कोकणातल्या हजारो घरांत पैसा आणला, मी तिला वाईट म्हणणार नाही. परंतु पडीक उतारावर बाग लावायची असेल तर आधी तो उतार मोकळा करावा लागतो, आणि योजनेच्या कागदावर 'पडीक' लिहिलेल्या कितीतरी जागी रान उभे होते. सरकारने एकदा राखणाऱ्याला भय घातले आणि एकदा तोडणाऱ्याला अनुदान दिले. उभे रान राखणाऱ्याला काही मिळावे, अशी भेट अद्याप झालेली नाही.

याहून चमत्कारिक म्हणजे हे नुकसान मोजणीत दिसत नाही. भारतीय वन सर्वेक्षण संस्था दर दोन वर्षांनी उपग्रहावरून देशाचे वनाच्छादन मोजते आणि तिच्या व्याख्येनुसार एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडांचे छत्र दहा टक्के असले की ते वनाच्छादन धरले जाते. जमीन कुणाची आणि झाड कोणते हे पाहिले जात नाही. त्यामुळे हापूसची बाग, काजूची बाग, रबराची लागवड आणि देवराई एकाच रकान्यात येतात. 2023 च्या अहवालात देशाचे वनाच्छादन 21.76 टक्के दाखवले आहे, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात तर निम्म्याहून अधिक भूभाग वनाच्छादित दाखवला जातो. 1988 च्या राष्ट्रीय वननीतीने डोंगराळ भागात दोन-तृतीयांश आच्छादनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्याच्या जवळ आपण आहोत असे कागदावर दिसते. आमच्या सड्याखालच्या उतारावर 2009 मध्ये ऐन-किंजळीचे रान होते आणि आज काजू आहे. उपग्रहाच्या नजरेत तिथे दोन-चार वर्षे थोडा फिका पट्टा आला आणि मग पुन्हा हिरवा झाला. वहाळ, धनेश आणि विहीर यांची नोंद त्या हिरव्या रंगात नाही.

कायद्यांचे म्हणाल तर ते पुष्कळ आहेत. महाराष्ट्राचा 1964 चा वृक्षतोड विनियमन कायदा साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, आंबा, फणस, जांभूळ अशा अनुसूचित झाडांसाठी परवानगी सक्तीची करतो. त्याचा दंड एक हजार रुपयांपर्यंत होता, जो ठेकेदार चहापाण्याच्या खर्चात धरत असे. ऑगस्ट 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो पन्नास हजारांवर नेण्याचा निर्णय केला, आणि आमच्या भागातून लगेच नाराजी उमटली. ती नाराजी मी बाहेरच्या माणसासारखी उडवून लावू शकत नाही. घरावर झुकलेला फणस तोडायचा असेल तरी तालुक्याला खेपा घालाव्या लागणाऱ्या शेतकऱ्याला पन्नास हजारांचा आकडा दिसतो, आणि डोंगराचे डोंगर उक्ते घेणाऱ्याला त्यातली पळवाट दिसते. 1980 च्या वन संवर्धन कायद्याने वनजमिनीचा वापर बदलण्यावर केंद्राचा अंकुश आणला. 12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मालकी कुणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे वन आहे ते वनच. 2023 च्या दुरुस्तीने हा अर्थ पुन्हा आवळला गेला, तेव्हा फेब्रुवारी 2024 मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेशाने जुनाच अर्थ पाळायला सांगितले. अर्थ रुंद असला पाहिजे, यात मला शंका नाही. पण दिल्लीतला अर्थ आमच्या ओटीवर शिमग्याच्या दिवशी येत नाही, तिथे ठेकेदारच येतो.

दक्षिणेला सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांना जोडणाऱ्या वन्यजीवांच्या त्या वाटेवर रबर आणि अननसासाठी डोंगर साफ होऊ लागले. 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिथल्या वृक्षतोडीवर बंदी घातली. तोड चालूच असल्याच्या तक्रारी होत राहिल्या आणि मार्च 2024 मध्ये न्यायालयाला 25 गावे पर्यावरणीय संवेदनशील म्हणून अधिसूचित करण्याचे निर्देश द्यावे लागले. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने 2011 मध्ये अहवाल दिला. 2013 मध्ये कस्तुरीरंगन यांच्या कार्यगटाने संरक्षणाचे क्षेत्र आकुंचित करून दुसरा दिला. त्यानंतर मसुदा अधिसूचना निघत राहिल्या. सहावा मसुदा 31 जुलै 2024 चा, वायनाडच्या दरडींच्या दुसऱ्या दिवशीचा. त्यात सहा राज्यांतले सुमारे 56,800 चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, पैकी 17,340 महाराष्ट्रात. या साऱ्या काळात गाडगीळ अहवालाविषयी आमच्या गावात जे पोचले ते एवढेच, की घराचे कौल बदलायलाही परवानगी लागेल. त्या अहवालाचा गाभा ग्रामसभांनी आपल्या परिसराचे निर्णय स्वतः घ्यावेत हा होता, हे आम्हाला कुणी मराठीत, गावात बसून, वेळेवर सांगितले नाही. या एका गोष्टीचा मला फार विषाद वाटतो.

ग्रामसभेने ठरवले की काय होते ते गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने दाखवले आहे. वनहक्क कायदा 2006 चा; 2009 मध्ये त्या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले, आणि जंगल राखणे हा उत्पन्नाचा मार्ग झाला. मी हे उदाहरण आमच्या गावच्या बैठकीत मांडले तेव्हा चुलतभावाने बरोबर प्रश्न विचारला: तिथे जंगल सरकारचे होते, हक्क गावाला मिळाला, आमचे रान आमचेच आहे, मग आम्हाला कोण काय देणार?

त्याच्या प्रश्नाचे एक छोटे उत्तर आमच्याच तालुक्यात सापडते. पुण्याच्या ॲप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने संगमेश्वर भागातल्या मालकांशी रान न तोडण्याचे करार केले, आणि मोबदल्यात मालकांना काही रक्कम किंवा गावाला उपयोगी वस्तू मिळू लागल्या. पुढे बेहड्याची फळे झाड न तोडता, ठरलेल्या पद्धतीने गोळा करून फेअरवाइल्ड या प्रमाणपत्राखाली औषधी कंपन्यांना विकण्याची व्यवस्था झाली. जो बेहडा आमच्याकडे जळण म्हणून गेला, त्याच जातीच्या झाडाखाली शेजारच्या गावात माणसे दरवर्षी फळे वेचतात आणि वर ढोलीत धनेश राहतो. हे काम लहान आहे, निधीवर अवलंबून आहे, पण ते मालकाच्या प्रश्नाला उत्तर देते. मोठ्या प्रमाणावर असे उत्तर कोस्टा रिकाने दिले. त्या देशाचे जंगल 1980 च्या दशकापर्यंत पाव भागाच्या आसपास उरले होते. 1996 च्या कायद्याने जंगलाचा वापर बदलण्यास मनाई केली आणि 1997 पासून इंधनावरच्या करातून खाजगी जंगलमालकांना पाणी, कार्बन, जैवविविधता आणि निसर्गसौंदर्य राखण्याचा मोबदला देण्यास सुरुवात केली. आज तिथे निम्म्याहून अधिक भूमीवर जंगल आहे. त्यात गोमांसाचे भाव पडल्याने कुरणे सोडली गेली याचाही वाटा होता, असे अभ्यासक सांगतात, आणि ते ध्यानात ठेवलेच पाहिजे. तरीही मनाई आणि मोबदला एकाच कायद्यात, एकाच वेळी आले, ही गोष्ट मला आपल्यासाठी महत्त्वाची वाटते. आपल्याकडे पर्यायी वनीकरणासाठी 2016 चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखाली हजारो कोटींचा निधी आहे. तो कापलेल्या जंगलाच्या बदल्यात रोपे लावतो. चिपळूणच्या व्यापाऱ्याला, खालच्या वाडीच्या विहिरीला आणि खाडीतल्या मच्छीमाराला ज्या उभ्या उताराचा उपयोग होतो, त्याच्या मालकाला हेक्टरी वर्षाला ठरावीक रक्कम देणे हे त्या रोपांपेक्षा स्वस्त आणि खात्रीचे आहे असे माझे ठाम मत आहे. रोपाचे रान होते की नाही हे चाळीस वर्षांनी कळते, उभे रान आजच रान आहे.

यंदाच्या शिमग्यात देवळामागच्या रानाचे संमतीपत्र आले. हे रान देवराईला लागून आहे, साडेचार एकरांचे, आणि त्यात आता तालुक्यात विरळ झालेली जुनी झाडे आहेत. ठेकेदार दुसरा होता, कागद तसाच होता. चुलतभावाच्या मुलाला पदविकेला प्रवेश मिळाला आहे, दोन वर्षांचे शुल्क भरायचे आहे, आणि चुलतभावाने मला स्पष्ट सांगितले की ताई, तुझे म्हणणे पटते पण शुल्क भरायची तारीख जूनमध्ये आहे. आम्ही तिघांनी, म्हणजे मी, माझा भाऊ आणि ठाण्याचा एक पुतण्या, ठेकेदाराने चुलतभावाच्या हिश्शाला जेवढे देऊ केले होते तेवढे पैसे त्याला द्यायचे ठरवले. बदल्यात एक नवा कागद केला: पंधरा वर्षे हे रान तोडायचे नाही, जेसीबी आणायचा नाही, राबापुरती कवळ आणि बेहडे-हिरड्याची फळे घ्यायला कुणालाही आडकाठी नाही. शुल्काची सोय आम्ही करू शकलो कारण आम्हाला पगार आहेत. गावातल्या दुसऱ्या कुठल्याही घराला हा मार्ग मोकळा नाही, आणि म्हणूनच याला मी उपाय म्हणत नाही.

त्या कागदावर आतापर्यंत तेरा सह्या झाल्या आहेत. गुरवकाकांचे नाव सातबाऱ्यावर नाही, तरी त्यांनी साक्षीदार म्हणून खाली अंगठा दिला. उरलेल्या चौघांपैकी दोघे यंदा शिमग्याला आले नाहीत, एकजण कुवेतला आहे आणि एका वृद्ध आत्येने विचार करून सांगते म्हणून कागद परत दिला आहे. ते सगळे गणपतीत गावी येणार आहेत. ठेकेदारानेही निघताना काकांना तेच सांगितले, की गणपतीत येतो.